तीन साडू आणि एक इंजिन

नवेगाव बांधचे ईश्वरदास मेश्राम वनखात्याच्या रोपवाटिकेतून निवृत्त झाले आणि सरकारी लिलावातली एक पांढरी अँबॅसिडर घेऊन घरी आले. गाडी कोण्या मोठ्या साहेबाची होती. टपावर लाल दिव्याचं भोक तेवढं उरलं होतं. ते त्यांनी डांबराने बुजवलं, पण त्या डागामुळेच गाडीचा मान वाढला. आसपासच्या प्रत्येक नवरदेवाला साहेबासारखं मांडवात उतरायचं असे. ईश्वरदास पांढरी टोपी घालून, गंभीर चेहऱ्याने त्याला दार उघडून देत.

अलीकडे मात्र गाडी चढाला दमू लागली होती. सपाटीवर धावायची, उंचवटा दिसला की खोकायची. मग चार वऱ्हाडी उतरून ढकलत. नवरदेवाला ढकलायला लावायचं नाही, एवढा नियम ईश्वरदासांनी पाळला होता.

अर्जुनी मोरगावला एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन गॅरेज होती. एक दुलीचंदचं, दुसरं भैय्यालालचं. दोघेही ईश्वरदासांचे साडू. तीन बहिणींपैकी थोरली शामकला ईश्वरदासांच्या घरी, मधली अल्का दुलीचंदकडे आणि धाकटी दुर्गा भैय्यालालकडे. म्हणजे गाडी कोणत्याही बाजूला वळवली तरी घरातच भांडण.

दुलीचंदने बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"इंजिनात दम आहे, साडभाऊ. ट्यूनिंग बिघडली फक्त. वॉल्व घासतो, प्लग बदलतो, कार्बोरेटर धुतो. मग पाहा."

रस्त्यापलीकडून भैय्यालाल हात पुसत आला. "कायले कान लावून राहिला गा? मुर्द्याची नाडी पाहून राहिला का? साडभाऊ, हे इंजिन उतरवा. माझ्याजवळ जीपचं डिझेल इंजिन आहे, ते टाकतो. झाडावर चढन गाडी!"

"विचार करतो," म्हणून ईश्वरदास निघाले. ते घरी पोचायच्या आत दोन्ही साडूंच्या बायकांचे, म्हणजे शामकलाबाईंच्या दोन्ही बहिणींचे फोन येऊन गेले होते.

"अजी," शामकलाबाई दारातच म्हणाल्या, "तुमी इंजिन बदलून राहिले का माझं माहेर तोडून राहिले?"

घाबरलेल्या माणसाने करावं तेच ईश्वरदासांनी केलं. दोघांनाही होकार दिला. दुलीचंदला म्हणाले, ट्यूनिंगच करू. भैय्यालालला म्हणाले, इंजिनच बदलू, पण लग्नसराई निघून जाऊ दे.

दुलीचंदच्या हातून गाडी आली ती इतकी मऊ, की ती चालू आहे हे ईश्वरदासांना कळेना. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली आणि आतून करकर ओरडा आला. त्या ओरड्यानेही ते खूश झाले.

भूपेंद्र पटले नावाच्या नवरदेवाला घेऊन ते दवनीवाड्याला निघाले. सगळा रस्ता झोकात. गावाच्या अलीकडे नाल्यावरचा पूल लागला आणि चढावर गाडीने सायलेन्सरमधून 'फाट्!' असा आवाज काढला. मग आणखी एक, मग लागोपाठ. आणि बंद.

पुलाच्या पलीकडे बँडवाले उभे होते. फटाके वाजले की सुरू करा, असं त्यांना सांगून ठेवलेलं. त्यांनी सुरू केलं. बँड ऐकून वधूकडच्या बाया आरतीचं ताट घेऊन धावल्या. सगळे हजर, नवरदेवच नाही.

नवरदेव पुलावर होता. वऱ्हाडी ढकलून घामाघूम झाले, गाडी हलेना.

"काकाजी, मी हात लावू का?" भूपेंद्रने विचारलं.

"नाही, राजे. तुमी बसा," ईश्वरदास म्हणाले. पण गाडी मागे सरकू लागली तेव्हा तेच ओरडले, "उतरा ना, पाहता काय!"

साहेबाची गाडी बँडच्या मागोमाग मांडवापर्यंत आली, आणि तिच्या मागून सेहरा वर करून नवरदेव ढकलत आला. नवरी पोट धरून हसली. एक म्हातारी म्हणाली, "जवाई कामाचा दिसते."

दुलीचंद म्हणाला, पेट्रोलमध्ये कचरा होता. त्याचं कोण ऐकतं? भैय्यालालने दुसऱ्याच दिवशी साखळी लावून जुनं इंजिन उपसलं आणि डिझेलचं बसवलं. अल्काने थोरल्या बहिणीचा फोन उचलणं सोडलं.

गाडी आता कुठलाही चढ हसत चढे. पण सुरू झाली की नखशिखांत थरथरे. आरसा आपोआप आभाळाकडे बघे, मागचं दार उघडे. वाटेत एक माणूस धानाचं पोतं घेऊन धावत आला. त्याला वाटलं, फिरती धानगिरणी आली. शामकलाबाई पहिल्यांदा बसल्या त्या अर्जुनीपर्यंत जबडा धरूनच.

"सवय होईल, बाई," भैय्यालाल म्हणाला.

शामकलाबाई गाडीतून उतरल्या. रस्ता ओलांडून समोर दुलीचंदच्या गॅरेजात गेल्या. "जवाई, तुमचा तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन चला."

"मी त्याच्या इंजिनाले हात लावत नाही."

"मग मीच लावीन." त्यांनी भिंतीवरचा स्क्रू ड्रायव्हर ओढला, तरातरा परत आल्या आणि धडधडत्या इंजिनावर वाकल्या.

दुलीचंद मागून पळत आला. "बाई, उलटा धरून राहिल्या! कान फुटन!"

त्याने तो काढून घेतला आणि हातात आलाच होता, म्हणून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. "एक नोझल बरोबर डिझेल मारून नाही राहिला. आणि इंजिनाखालचे रबर काऊन एवढे कडक टाकले गा?"

"जीपचेच आहेत."

"ही जीप आहे का?"

दोन्ही साडूंची डोकी बॉनेटखाली गेली. आतून शिव्या येत होत्या, मग पाने मागितले जाऊ लागले, मग एकमेकांना दिले जाऊ लागले. अल्का आणि दुर्गा दोन्ही दारांतून बघत होत्या. शेवटी दोघी एकाच बाकावर येऊन बसल्या आणि माहेरच्या भावजयीबद्दल बोलू लागल्या.

दिवस कलताना गाडी सुरू केली. घरघर होती, पण आरसा जागेवर राहिला. ईश्वरदासांचा जीव भांड्यात पडला आणि ते प्रसन्नपणे म्हणाले, "म्हणजे शेवटी ट्यूनिंगच करायची होती ना?"

भैय्यालालने पाना खाली ठेवला. दुलीचंद छाती काढून उभा राहिला. शामकलाबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि काच वर केली.