तासभर न हललेली कडी

ज्या खोलीत काहीही हलायला बंदी असते, तिथे किस्से मात्र दर आठवड्याला घडतात!

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, तळवलीच्या जरा अलीकडे आमची प्रयोगशाळा. लेसर हा शब्द पेपरात नुकताच दिसू लागलाय. आमच्याकडे दोन आरसे समोरासमोर, मध्ये त्यांना धरून ठेवणारी वीतभर नळी. त्यांच्यातलं अंतर जरासुद्धा बदललं नाही, तरच काचेवर उमटलेली प्रकाशाची गोल गोल कडी स्थिर राहतात आणि प्रकाशाचा रंग अचूक मोजता येतो.

आमचे प्रमुख दिघे सर. मला घेतानाच म्हणाले, "तीन महिने ट्रायल. कडी तासभर स्थिर ठेवून दाखवा, नोकरी कायम. नाहीतर दुसरं कुणी बघू."

मी एम.एस्सी. खरी, पण आठ महिन्यांच्या मुलाची आई. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारी. माझ्या हातून काय स्थिर राहणार!

*

पहिल्याच दिवशी सवयीने नळीला हाताची मागची बाजू लावून पाहिली. सर ओरडले, "बाई, तिला ताप नाहीये! आता येईल!"

आला. कडी दुपारपर्यंत पळत होती.

*

सर अंगाने चांगले भरलेले. त्यांच्या अंगाच्या उबेनेही नळी लांबते. म्हणून स्वतः बांधलेल्या खोलीत ते पाऊल टाकत नाहीत, दाराच्या काचेतून बघतात. एका पाहुण्याने विचारलं, "आत का येत नाही?"

"मी असलो की काम बिघडतं," सर शांतपणे म्हणाले. असं म्हणणारा दुसरा साहेब मी पाहिलेला नाही.

*

कडी मधूनच थरथरायची. आम्ही पंप बघितला, वायरी बघितल्या. आमचे फिटर हिरूमामा तळवलीचे. जमिनीवर अनवाणी पाय टेकून म्हणाले, "खडीचा ट्रक येतंय." दोन मिनिटांत ट्रक गेला!

"मग टेबल कशावर ठेवायचं?" सर.

"भाताच्या तुसावं. आमी अंडी तुसान ठेवताव, येक फुटत नाय."

सरांनी खिशातली वही काढली. मग, "मामा, किती पोती लागतील?"

*

सासूबाईंनी विचारलं, "दिवसभर करतेस काय गं?"

"काही हलू देत नाही."

"मग पाच मिनिटं ह्याला तसं ठेवून दाखव!" म्हणत त्यांनी बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

*

ट्रायलचा शेवटचा दिवस. वरचे साहेब तपासणीला. आत मी एकटी, बाहेर काचेला नाक लावून साहेब आणि सर. छप्पन मिनिटं झाली. कडी जागची हललेली नाहीत.

साहेब वैतागले. "दिघे, हा फोटो चिकटवलाय! अहो बाई, जरा हलवून दाखवा!"

हलवलं तर तास मोडणार. मी वळले नाही, बोलले नाही, श्वासही पुरवून घेतला.

साठ. नळीवरचं झाकण उचलून आत फुंकर मारली. कडी सैरावैरा!

साहेब दचकून मागे सरले. "कडी खरी आहेत, मान्य. पण ही बाई इतका वेळ हलली नाही. ही खरी आहे ना?"

"तिला आजच नोकरीत कायम केलंय," सर म्हणाले. "आता तुम्हीच हलवून बघा!"