बेलचं बटण

आमच्या व्हॅनच्या चावीचा स्विच जळाला, तेव्हा मिस्त्रीनं तात्पुरतं म्हणून दाराच्या बेलचं बटण लावून दिलं. ते दाबून धरलं तरच गाडी चालायची, बोट सुटलं की बंद. माजलगावहून लग्नाला निघालो, तेव्हा बटणावर बायकोचा अंगठा होता.

दुष्काळाचं वर्ष. वाटेत भाकरीचं गठुडं घेतलेल्या एका बाईनं हात केला. तिचा नवरा बैल घेऊन सहकारी कारखान्याच्या आवारातल्या चारा छावणीत राहत होता. बायकोनं तिला पुढं शेजारी घेतलं. एका खड्ड्यात अंगठा निसटला आणि गाडी थांबली.

"बसली का?" बाईनं विचारलं.

गाडी पुन्हा सुरू झाल्यावर बटण तिनंच धरलं. एका हातात गठुडं, दुसरा बटणावर. ऊन तोंडावर आलं तरी तिनं पदर पुढं ओढला नाही.

"दमला असाल, द्या इकडं," बायको म्हणाली.

"न्हाई ताई. बसू द्यायचं न्हाई. बसलेलं जनावर उठत न्हाई."

छावणीपाशी तिनं बायकोचा अंगठा बटणावर ठेवला, वरून दाबला आणि उतरली. निघताना मी आरशात पाहिलं. एका बैलाच्या पोटाखाली बांबू घालून दोन माणसं त्याला उभं धरून होती. गठुडं खाली टाकून तिनं बैलाला खांदा लावला.