नाकतोड्यांचा वाटा

आमच्या माळावर गवताच्या किती जाती होत्या हे मी बोटांवर सांगू लागलो तर बोटं पुरत नाहीत. मारवेल, पवन्या, कुसळी, मधे मधे रानमुगाचे वेल, आणि बुडाशी बारीक काहीबाही, ज्याला नाव नाही पण गाय आधी तेच हुडकते. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण गवत मला कुणी शिकवू नये.

माझ्या पोरानं शिकवलं. चाळिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं म्हणून आषाढात खालच्या अर्ध्या माळावर युरिया फेकला. मी खर्ड्याच्या बाजाराला गेलो होतो. परत आलो तर रिकाम्या गोण्या बांधावर, दगडाखाली घडी घालून ठेवलेल्या. काम एवढं नीटनेटकं, आणि बापाला एका शब्दानं विचारलं नाही.

गवत वाढलं, नाही म्हणत नाही. कमरेला लागलं, काळंभोर. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची आणि पोराची मान ताठ व्हायची. मी वाकून बुडात बघितलं. बुडात अंधार. एकच जाड काडीचं गवत माजलं होतं. त्याच्या सावलीत रानमूग पिवळा पडून आडवा झालेला, मारवेल शोधावा लागत होता. मी बोललो तर म्हणाला, "आबा, पेंढ्या मोजा की. जाती कशाला मोजताय?"

भादव्यात नाकतोडे आले. दरवर्षी येतात, माळभर पसरतात. यंदा मात्र सगळी पंगत खालच्या अंगाला, कोवळ्या गवतावर बसली. उंच पाती कातरायला लागले. मला बरं वाटलं. ते मुळावर घाव घालत नाहीत, पात खातात, आणि मग बुडाला ऊन पोचतं. पोरानं मात्र फवाऱ्याचा पंप पाठीवर घेतला.

मी घोंगडी घेतली आणि त्या गवताच्या मधोमध जाऊन बसलो.

"उठा आबा. औषध हाय, डोळ्यात जाईल."

"जाऊ दे."

"लोक बघत्यात."

"बघू दे. नाकतोडं त्यांच्या वाट्याचं खात्यात, तुझ्या ताटातलं न्हाई."

बांधावरच्या झाडाला नांगर वळसा घालतो तसा त्यानं मला वळसा घातला. दहा पावलं सोडून भोवतीनं सगळं फवारलं. दोन दिवस माझं डोकं ठणकत होतं. सूनबाईला सांगितलं, ऊन लागलं.

दसऱ्यानंतर कापणीआधी गाय सोडली. फवारलेल्या गवताचे शेंडे तिनं चाखले, धाटं तशीच टाकली आणि कमरेएवढ्या गवतातून वाट काढत बरोबर माझ्या बैठकीच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथं नाकतोड्यांनी उंच गवत चाळणी करून ठेवलं होतं. खाली मारवेल फुटला होता, रानमुगाला शेंगा होत्या. पोरानं बघितलं. मग म्हणतो कसा, पुढच्या साली फवारा नको, पण युरिया वरच्या अर्ध्यालाही टाकू, किडं खातील त्ये खातील.

माझं डोकंच फिरलं. नाकतोड्यांनी निस्तरायचं म्हणून माणसानं किती घाण करावी?

वरच्या अंगाला बाभळीखाली एक डाग आहे. गाय तोंड लावत नाही असा टाकळा आणि आघाडा सोडून तिथं काही येत नाही. घरात सगळे म्हणतात, तेवढी जमीनच खोटी. हे मीच पसरवलेलं. पोराला दंडाला धरून मी तिथं नेलं आणि आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. विशीत असताना, बाप परगावी गेलेला बघून, मी धनगराची मेंढरं त्या जागी आठवडाभर बसवली होती. मेंढरं वावरात बसवतात, माळावर नाही, हे मला ठाऊक होतं. पण वावराला लेंडीखत चालतं तर माळाला का नाही, असा माझा शहाणपणा. पहिल्या साली गवत छातीला लागलं, मीही मिशीला पीळ देत फिरलो. मग एकेक जात गेली आणि टाकळा आला. तो आजतागायत हटलेला नाही. बापाला सांगितलं, तिथली मातीच वाईट.

"माती चांगली हुती," मी म्हणालो. "हा डाग माझा हाय."

पोरगा टाकळ्याचा एक शेंडा खुडून बघू लागला. मग गालात हसला.

"म्हंजी आबा, खोड रक्तातलीच हाय."

बरोबर बोलला, म्हणूनच आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही.

यंदाच्या आषाढात युरियाच्या गोण्या कांद्याच्या वावरात गेल्या, माळावर एकही चढली नाही. खालच्या अर्ध्यात ते जाड गवत अजून उभं आहे आणि नाकतोडे त्यावर राबतायत. फवाऱ्याचा पंप पडवीत खुंटीला आहे. येता-जाता दिसला की माझं डोकं अजून तापतं. बाभळीकडं मात्र मी बघत नाही.