मागाच्या खड्ड्यातलं इंजिन

उंदराचं मूत सुकून जुनं झालं की त्याला गोडसर वास येतो. हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तसं आमच्या घरी कोशाच्या रेशमाचं काम चालायचं, त्यामुळे घाण वासांची मला सवय होती. उकडलेल्या कोशातला किडा काही अत्तरासारखा दरवळत नाही. पण तो वास आमच्या पोटापाण्याचा होता. हा दुसरा वास आमच्या ह्यांनी पैसे मोजून आणला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणला, आणि वर मला म्हणाले, ओवाळायला ताट आण.

झालं असं. जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला आणि ह्यांच्या कचेरीतली बरीच माणसं तिकडे पाठवायचं ठरलं. हे कचेरीची जीप चालवायचे. गोंदियाला भाड्याच्या खोलीत हातानं भात शिजवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, म्हणून ह्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. त्या दिवसांत गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांतले लोक आपली घरं आपल्याच हातांनी उतरवत होते. दारं, छताच्या मयाली, वरचे कवेलू, जे निघेल ते विकत होते. आमच्या पवनीतून रोज कुणी ना कुणी तिकडे जायचं. हे न्हाणीला दार आणायला म्हणून गेले आणि मोटार घेऊन आले.

कुणा मालगुजाराच्या गोठ्यात भाताच्या तणसाखाली पडलेली ती मोटार. रंग कुठला होता ते गंजामुळे कळत नव्हतं.

"हे काय आणलं जी?" मी विचारलं.

"फ्रान्सची आहे. पुऱ्या जिल्ह्यात एकच. दोनी जिल्हे धरून एकच."

"आन न्हानीचं दार?"

"दार काय, कवाबी येईन."

न्हाणीला गोणपाटाचा पडदा होता, तो तसाच राहिला. ह्यांनी मोटारीचं पुढचं झाकण उघडलं आणि मला कौतुकानं जवळ बोलावलं. आत उंदरांनी मोटारीच्या बैठकीतला काथ्या ओढून आणून घर केलं होतं. त्यात गुलाबी पिल्लं वळवळत होती. बाजूला सापाची कात, आणि सगळ्यावर तेलाचा काळा, घट्ट थर. हे त्यात बोट घालून म्हणाले, "पाह्य, अजून ओलं आहे." मी मोरीकडे धावले. दुपारचं जेवण तिथंच गेलं.

आता खड्ड्याचं सांगते. आमचा माग खड्ड्याचा होता. मागच्या खोलीत जमिनीत कमरेइतका खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, खालच्या पावड्या पायांनी दाबायच्या आणि वर हातानं धोटा फेकायचा. खड्ड्यातल्या मातीची ओल वर येते, म्हणून कोशाचा धागा तुटत नाही. बाकी सगळ्या घरात फरशी घातली, तरी ती खोली सासूबाईंनी मातीचीच ठेवली होती. बसायचा काठ त्यांच्या आणि त्यांच्या सासूच्या बसण्यानं गुळगुळीत झाला होता. सासूबाईंनीच मला तिथं बसवून विणायला शिकवलं. मी विणलेलं लुगडं नागपूरचा शेठ दोन्ही हातांनी घ्यायचा. गल्लीत मला 'जीपवाल्याची बायको' कुणी म्हणत नसे, 'कोसेवाली' म्हणत. त्या खड्ड्यात बसले की मी कुणीतरी होते. बाहेर आले की भात, वरण, धुणं. एवढं साधं आहे ते.

भाच्याच्या बारशाला मी साकोलीला गेले होते. परत आले तर माग सोडवून, दोरीनं बांधून माळ्यावर टाकलेला. वरच्या मयालीला साखळी, साखळीला इंजिन, आणि इंजिनाखाली, माझ्या खड्ड्यात, आमचे हे.

"काय करून राहिले जी तुमी हे?" माझा आवाज गल्लीत गेला असणार.

"आयता खड्डा भेटला ना वो! गॅरेजवाले असा खड्डा खोदाले किती खर्च करतेत. पंधरा दिवसाचा सवाल आहे."

"मले इचारलं काहून नाही?"

"तू होती कुठं इचाराले?"

मी हात टेकले.

त्या दिवसापासून घरात रॉकेल नांदायला आलं. हे एकेक भाग काढायचे, रॉकेलनं धुवायचे आणि ती काळी राड खड्ड्यातच सोडायचे. दोन घास खाल्ले की रॉकेलचा ढेकर. माठाच्या पाण्यावर तेलाची इंद्रधनुष्यी साय. भिंतीवर, दाराच्या कडीवर, माझ्या उशीवरसुद्धा ह्यांचे काळे पंजे. पोळपाटावर कसल्या तरी दांड्या वाळत घातलेल्या. एकदा कुंकवाचा करंडा उघडला तर आत बारीक स्क्रू. मी तो करंडा ह्यांच्या अंगावर फेकला. हे शांतपणे खाली बसून स्क्रू वेचू लागले, कारण तसले स्क्रू म्हणे भारतात मिळत नाहीत. कुंकू मी वेचलं.

आणि हे स्वतः! जीपवर असताना इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. आता नखांत काळं, कानात काळं, जेवताना वरणभातात बोट बुडवलं की वरणावर तवंग. मी म्हणायचे, चमच्यानं जेवा. हे म्हणायचे, तुझे हात काय कमी घाण असायचे कोसा उकडताना? बरोबरी कशाची करावी ह्याला काही धरबंध? माझ्या हातांच्या घाणीतून शेवटी लुगडं निघायचं.

मग सोड्याचं प्रकरण झालं. इंजिनाच्या वर एक जड झाकण असतं, ह्यांच्या भाषेत हेड. त्यावर वर्षानुवर्षांची काजळी भाजून बसलेली, रॉकेलला दाद देईना. आमच्या घरात चिकटा काढायचं औषध एकच, उकळता सोडा. सोड्याच्या पाण्यात कोसा शिजवला की त्याचा डिंक सुटतो आणि धागा मोकळा होतो. हे लहानपणापासून तेच बघत आलेले. म्हणाले, जो सोडा कोशाचा चिकटा सोडवतो तो तेलाचा का नाही सोडवणार? माझा कोसा शिजवायचा लोखंडी गंज, म्हणजे मोठं पातेलं, अंगणातल्या चुलीवर चढवला, त्यात हेड बुडवलं, सोडा ओंजळीनं नाही, डब्यानं ओतला, वर झाकण ठेवलं आणि पानठेल्यावर गप्पा मारायला गेले.

मी झाकण उचललं तर पाणी नुसतं उकळत नव्हतं, फसफसत होतं. करड्या फेसाचे डोंगर चढून चुलीत पडत होते. त्या वाफेत उंदराचं मूत, जळकं तेल आणि सोडा असा तिहेरी वास होता, आणि तो माझ्या डोक्याच्या केसांत आठवडाभर राहिला. हे परत आले, चिमट्यानं हेड वर काढलं. काळंठिक्कर. किडक्या वांग्यासारखी भोकं भोकं.

ते अल्युमिनिअमचं होतं. सोडा अल्युमिनिअमला खातो, हे ह्यांना नागपूरच्या लेथवाल्यानं सांगितलं, पोट धरधरून हसत. हे घरी आले ते तोंड पाडून. ओसरीवर बसले, आणि मला वाटलं आता म्हणतील, चुकलं. म्हणाले काय?

"तुह्या सोड्यानं खाल्लं माह्या इंजिनाले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सोडा माहा, गंज माहा, खड्डा माहा. इंजिन तेवढं तुमचं!"

गल्लीत मात्र ह्यांचीच गोष्ट चालली. बायकोच्या सोड्यानं मोटार खाल्ली. बायका पाण्याला येताजाता हसून विचारायच्या, काय वो, काहून खाऊ घातला सोडा? मी आधी खुलासे केले, मग सोडून दिले. लेथवाल्यानं भोकं भरून, घासून हेड पुन्हा उभं केलं. माझा गंज कुणी उभा केला नाही. त्यात नंतर कोसा शिजवला तर धागा राखेसारखा करडा निघाला. भंगारवाल्याला देऊन टाकला.

पंधरा दिवस कधीच संपले. दसरा आला. दसऱ्याला आमच्या गल्लीत घरोघर मागाची पूजा होते. ह्यांनी झेंडूची माळ इंजिनाला घातली आणि नारळ फोडला. मी माळ्यावर चढले. दोरीनं बांधलेल्या लाकडांवर धूळ होती, ती पदरानं पुसली आणि कुंकू लावलं. फणीच्या दातांत कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते मी काढलं नाही.

इंजिन सुरू झालं ते थंडीत. ट्रॅक्टरची बॅटरी लावून ह्यांनी तारेला तार टेकवली. ते खोकलं, थुंकलं, आणि पांढऱ्या-निळ्या धुरानं सारं घर भरलं. शेजारचे टाळ्या वाजवत होते. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, मलाही बरं वाटलं, कारण आता इंजिन अंगणातल्या मोटारीत जाणार आणि माझी खोली मला मिळणार.

"घे तुहा खड्डा," हे म्हणाले, दान दिल्यासारखे.

खड्ड्यात घोटाभर काळा चिखल होता. त्यात चिंध्या, विड्यांची थोटकं, मेलेली झुरळं. मी तो हातांनी उपसला. राख टाकली, लाकडाचा भुसा टाकला, भिंती खरवडल्या, नव्या मातीनं लिंपलं, शेणानं सारवलं. दोनदा ओकले. मग माग उतरवून बांधला, ताणा लावला आणि विणायला बसले. हात आखडले होते, पण विसरले नव्हते. लुगडं उतरलं तेव्हा मी ते गल्लीतल्या सगळ्यांना दाखवत फिरले.

शेठनं नेहमीसारखं दोन्ही हातांनी घेतलं. उलगडलं, काठ पाहिला, मान डोलावली. मग नाकाशी नेलं.

"बाई, काम तं एक नंबर आहे," तो ओशाळून म्हणाला. "पन रॉकेलचा वास येऊन राहिला ना."

मला येत नव्हता. इतके दिवस त्यातच राहून माझं नाक मेलं होतं. रिठ्यात धुतलं, उन्हात घातलं, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलं. कोशाचा धागा एकदा वास धरला की सोडत नाही. उन्हाळा लागला तसं माझ्या नव्या लिंपणातून तेल घामासारखं वर आलं, काळे डाग पसरत गेले. वरून कितीही सारवा, खालची माती मेली होती. दुसरा खड्डा खोदावा तर तशी जागा घरात उरली नव्हती.

ह्या वेळी माग मी स्वतः सोडवला. हे बाहेर मोटारीला रंग देत होते. ह्यांनी विचारलंही नाही, काय करून राहिली म्हणून. त्या दिवसापासून मला मोटारीची किळस वाटायची थांबली आणि ह्यांची वाटू लागली. नवऱ्याबद्दल असं लिहू नये म्हणतात. लिहिलं.

पुढे ह्यांची कीर्ती पसरली. एका रविवारी नागपुरातले जुन्या मोटारींचे हौशी आले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात कॅमेरे. मोटारीभोवती फिरले, वाकले, फोटो काढले. तुम्ही मोठा वारसा वाचवला, असं कुणीतरी म्हणालं. मी चहा केला. तोवर हे त्यांना मागची खोली दाखवायला घेऊन गेले. तिथं आता ह्यांचे नट-बोल्टाचे पाने नि तेलाचे डबे असायचे.

मी ट्रे घेऊन दारात आले तेव्हा एक पाहुणा खड्ड्यात डोकावत होता. "काका, हे भारी आहे. खड्डा आधीपासूनच होता का घरात?"

हे छाती फुगवून म्हणाले, "नाई जी. इंजिनासाठीच खोदला. माह्या हातानं."

"वा!" पाहुणा म्हणाला. दुसऱ्यानं खड्ड्याचा फोटो काढला.

ट्रे मी खाली ठेवला. त्यांच्यामधून वाट काढत गेले आणि खड्ड्याच्या काठावर बसले, आणि पाय खाली सोडले. खाली पावड्या नव्हत्या, तेलाचा गार चिखल होता, तो बोटांमधून वर आला. माझा उजवा हात आपोआप धोट्याच्या जागी गेला.

"काकू, काय झालं?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"हा मागाचा खड्डा आहे," मी म्हणाले. "माह्या सासूचा. मी बसत होती इथं."

पाहुणे एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे बघत राहिले. हे माझ्याजवळ येऊन वाकले. कान लाल झाले होते.

"उठ वो," हे दबक्या आवाजात म्हणाले. "लुगडं खराब होईन."

त्या खोलीत कापडाची काळजी ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा केली.