रेजिना आणि आमची कुत्र्यांची गाडी

दार उघडलं की रेजिना माणसाकडे बघायचीच नाही. घरातले "या, या" म्हणत असायचे आणि ही दारातच उकिडवी बसून त्यांच्या कुत्र्याच्या अंगावरून शेपटीकडून मानेकडे उलटा हात फिरवायची. केसांच्या मुळाशी बोटं घालून चाचपायची आणि मग मान वर करून पहिला प्रश्न टाकायची, "विंचरता कधी?" नमस्कार नाही, नाव-गाव नाही. घरमालक त्याच्याच दारात आरोपी व्हायचा. तिच्यामागे मी उभी असायचे, हसत. ते हसणं हा माझ्या कामाचाच भाग होता.

अंधेरीतली नोकरी सुटल्यावर मी एक जुनी व्हॅन घेतली, तिच्यात टब, टेबल, पाण्याची टाकी आणि ब्लोअर बसवून घेतला आणि मीरा-भाईंदरभर फिरून घरोघरच्या कुत्र्यांना न्हाऊ घालायचं, त्यांचे केस कापायचे असं ठरवलं. गाडी चालवणं, फोन घेणं, वेळा ठरवणं माझ्याकडे. कात्री रेजिनाकडे. ती समुद्राकाठच्या उत्तन गावची. भाईंदरच्या एका लेडीज पार्लरमध्ये तिने बरीच वर्षं काढली होती. ते का सोडलं असं विचारलं, तर म्हणायची, "बायकांचे केस कापताना लय बोलायला लागतं, बाय. मना न्हाय जमत."

ते तिला खरंच जमत नव्हतं. एकदा खारी गावाजवळ एका गृहस्थाने आपला स्पिट्झ गाडीत चढवला. ऐन मे महिना. "मॅडम, पूरा गंजा कर दो, गरमी बहुत है," तो म्हणाला. रेजिनाने मान हलवली. "नहीं करेगी. इसका बाल दो थर का है. अंदर का रुई निकालेगी, ऊपर का रहने दो. वो काटा तो धूप सीधा चमड़ी पे." इथवर ठीक होतं, तो माणूस ऐकतही होता. "लेकिन बाजूवाले ने तो कटवाया," एवढंच तो म्हणाला. त्यावर ही म्हणते कशी, "फिर बाजूवाले के पास जाओ." तो कुत्र्याला उचलून खरंच निघून गेला.

परतताना मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं रेजिना, पण..."

"बरोबर हाय ना? मग पण कशाला?"

या 'पण'वर आमची रोज भांडणं व्हायची. मी फोनवरून गोड बोलून माणूस जोडायचा आणि हिने एका वाक्यात तोडायचा.

हाटकेश भागातल्या सबनीस काकांचं मात्र असं तोडून चालणार नव्हतं. काका रिटायर्ड, एकटे. त्यांची चिंगी म्हणजे पांढरी, जमिनीपर्यंत केस लोळणारी शिट्झू. काकू असेपर्यंत रोज तिला विंचरायच्या. त्या गेल्यावर काकांनी कंगव्याला हात लावला नाही. नुसती आंघोळ घालत राहिले. गुंतलेले केस ओले होऊन आणखी आवळत गेले आणि कानामागे, पोटाखाली जटा झाल्या. फोनवर काका मला म्हणाले होते, "साफ करा, पण केस कापू नका. हिने वाढवलेत ते." मी शब्द दिला होता.

रेजिनाने आधी बोटांनी जटा सोडवायचा प्रयत्न केला. चिंगी किंचाळायला लागली. "मशीन लावते," रेजिना म्हणाली. मी म्हटलं, "थांब, काकांना विचारून येते." लिफ्टने वर गेले, काकांना घेऊन खाली आले, तोवर मशीन फिरलं होतं. सगळे केस एकाच तुकड्यात, घोंगडीसारखे, टेबलावर पडले होते. चिंगीची कातडी लालभडक झाली होती, बगलेत जखमा चिघळल्या होत्या.

काकांनी चिंगीकडे पाहिलंच नाही. ते त्या केसांकडे बघत होते. "मी नको म्हणालो होतो ना?" ते म्हणाले.

रेजिना एवढंच बोलली, "आत सडत होतं. तुम्ही बघितलं न्हाय."

काका चिंगीला छातीशी धरून निघून गेले. त्यांनी सोसायटीच्या कमिटीकडे तक्रार केली आणि वॉचमन आमची गाडी गेटवर अडवायला लागले. ग्रुपवर मेसेज फिरला आणि शेजारच्या सोसायट्यांनीही दारं बंद केली.

"काका नाही म्हणाले नसते!" मी त्या दिवशी ओरडले. "जखमा दाखवून विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच काप म्हटलं असतं. मी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं तुला?"

ती मशीनची पाती पुसत होती. "ती रडत होती," म्हणाली. पाती परत बसवून झाल्यावर, "तू बरोबर हाय, बाय. पन मी थांबली नसती."

फोन कमी होत गेले आणि शेवटी मी गाडी विकली. रेजिना वसईकडे, सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या एका आश्रमात कामाला लागली. तिथे मालक नसतात. जाताना "येते" म्हणाली, बाकी काही नाही. मला त्याचाही राग आला.

परवा सबनीस काका भाजीवाल्यापाशी भेटले. सोबत चिंगी. केस बोटभर वाढलेले, मऊ, मोकळे. "रोज सकाळी विंचरतो," काका म्हणाले. "पोटाखाली मात्र करू देत नाही. त्या बाईंना जरा फोन लावता? मला बोलायचंही होतं त्यांच्याशी."

मी तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला. "रेजिना, हाटकेशचे सबनीस काका आहेत."

काकांनी घसा खाकरला. "बाई, त्या दिवशी मी जे..."

"कुत्री उभी हाय का आडवी?" रेजिनाने विचारलं.

"अं? उभी आहे."

"बसा खाली. मांडीवर घ्या तिला."

काका फुटपाथच्या कडेला बसले. केस कुठून धरायचे, कंगवा मुळाशी का न्यायचा नाही, टोकाकडून कशी सुरुवात करायची, चिंगीने पाय ओढला तर काय करायचं, सगळं ती सांगत गेली. काकांनी मधे काही विचारलं की पुन्हा पहिल्यापासून. भाजीवाल्याची दोन गिऱ्हाईकंही थांबून ऐकत होती. मी फोन हातात धरून उभी. मग "ठेवते, इथे कुत्री न्हायाला खोळंबली हायत," म्हणून तिने फोन बंद केला. मी कशी आहे, हे विचारलं नाही.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "किती समजावून सांगतात हो या बाई," ते म्हणाले.

मी नुसतं "हो" म्हटलं आणि भाजीवाल्याकडे वळले.