चरचरलं का गं?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई सगळ्यांना सांगते. खरंच आहे ते. हॉस्टेलमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलं, कोण परीक्षेच्या आदल्या दिवशी रडत बसलं, सगळं माझ्याच तोंडून गावभर होतं. पण एक गोष्ट मी गिळून बसले आहे. आईला सांगितली नाही. मैत्रिणींनाही नाही, आणि त्या तर तेव्हा फोनवर होत्या, सगळं बघत होत्या! तुम्हाला सांगते. म्हणजे, सांगायचा प्रयत्न करते.

आधी घरी आल्याचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शिवाय ते दिवस आठवले की मला अजूनही आनंदच होतो. होऊ नये ना खरं तर? पण होतो.

गेल्या वर्षी जानेवारीत पहिलं सेमिस्टर संपवून मी नागपूरहून घरी आले. आमचं घर दहिवलीला. कर्जत स्टेशनबाहेर भाऊकाका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, स्कूटर घेऊन उभेच. माझी भलीमोठी बॅग पायाशी कोंबून आम्ही निघालो, तर काका दर वळणावर थांबून कुणालातरी सांगणार, "आमची सई आली, नागपूरवरनं!" जसं काही मी किल्ला जिंकून आले होते. घरात पाय टाकते तोच आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढ्यात ठेवलं, मी जेवत असतानाच डोक्यावर तेल थापलं, आणि वर "वाळलीस गं पार" हे चालूच. भिसेगावच्या आत्याचा फोन, आत्ताच्या आत्ता ये. काकांच्या रेश्माताईचं लग्न ठरलेलं. तिच्या साड्या बघायच्या, ब्लाउजच्या गळ्यांवर मत द्यायचं, नवरदेवाचे फोटो बघून चिडवायचं. नुसती पायाला भिंगरी! हॉस्टेलात मला कोण विचारतं हो? इथे माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

आणि पोपटी! पोपटी तुम्हाला ठाऊक आहे का? भात निघालं की आमच्याकडे शेतात वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, मसाला लावलेलं चिकन. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं शेतातच उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, शेणी रचून पेटवायचं. अख्खं पहिलं सेमिस्टर मी हॉस्टेलमध्ये याच्या बढाया मारल्या होत्या. मैत्रिणींना व्हिडिओ कॉलवर मडकं फोडताना — म्हणजे उघडताना — दाखवायचं, हे कबूल करून आले होते.

आमच्या आळीत पोपटी लावावी ती भाऊकाकांनी. एरवी त्यांना फारसं कुणी विचारत नसे. दुकान काढलं, ते बसलं. टेंपो घेतला, तो विकला. पण थंडीत मडकं पेटलं की काका राजा. मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्र झालं की पोपटी झाली. धुरात डोळे फसवतात, कान फसवत नाहीत, असं ते म्हणायचे. मग ते मोठ्याने ओरडायचे, "झाली रं, काढा!" त्यांनी काढा म्हटल्याशिवाय कुणी मडक्याला हात लावत नसे.

त्या वर्षी पोपटीला खालापूरकडचे रेश्माताईचे होणारे सासू-सासरे येणार होते. दुपारी शेंगा धुताना काकांनी मला जवळ बोलावलं. "कानात सारखं घों घों चाललंय बघ. बारीक आवाज येतच नाय. घरात बोलू नको. व्याह्यांसमोर कानाला मशीन लावून बसू का मी?" मग हसून म्हणाले, "पाणी तू मार. चरचरलं का ते तूच सांग. आज तूच माझा कान."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! घरात एवढी माणसं असताना त्यांनी मला सांगितलं.

दिवेलागणीला जाळ केला. पाहुणे खुर्च्यांवर बसले, त्यांच्याजवळ काका. मी मडक्याशी, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात फोन. मैत्रिणी ओरडत होत्या, "अगं, मेस बंद होईल, उघड ना!" रेंज येत होती, जात होती. एकदा तर सगळ्याजणी पडद्यावरून गायबच झाल्या आणि माझा जीव खाली-वर. तांब्या खाली ठेवून काठीने राख सारली, परत उचलला आणि पाणी मारलं.

ते चरचरलं नाही.

नुसतं पाणी ओघळलं, कडेला जराशी वाफ आली. मी बघितलं, ऐकलंही. अजून वेळ होता, हे मला कळलं होतं, लहानपणापासून हा आवाज ऐकत आलेय मी. तिकडून काकांनी विचारलं, "चरचरलं का गं?"

आणि मी म्हटलं, "हो काका, मस्त चरचरलं!"

कशासाठी? मेस बंद होऊ नये म्हणून. एवढ्यासाठी.

"झाली रं, काढा!" काका ओरडले. मडकं उघडलं. फोनवर मैत्रिणी वा-वा करत होत्या, वाफ होतीच ना. मग कॉल तुटला. ताटात शेंगा करकरीत, चिकन हाडाशी गुलाबी. ताईच्या सासऱ्यांनी घास तोंडातून हळूच काढून पानाखाली लपवला. उघडलेलं मडकं परत लावता येत नाही. आई सगळं उचलून घरात घेऊन गेली आणि कढईत परतून आणलं. "होतं असं," सासरे म्हणाले. "पुढल्या खेपेस आमच्याकडं या व्याही, आमी खाऊ घालू पोपटी." सगळे हसले. काकाही हसले.

ते माझं नाव घेऊ शकले असते, नाही का? पोरगी म्हणाली म्हणून काढली, एवढंच. नाही घेतलं. मला वाटलं, मला सांभाळून घेतायत. तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

सकाळी अंगणात ते काळं मडकं बघत बसले होते. मला म्हणाले, "आवाज येऊन पण कच्ची राहिली गं. म्हंजे माझा अंदाजच गेला." माझ्या बोलण्यावर त्यांना शंकाच आली नव्हती. शंका आली ती स्वतःवर. तेव्हा तरी बोलायचं ना? तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात ताईने हाक मारली, बांगड्या भरायला कर्जतला जायचं होतं. मी गेले. हिरव्या बांगड्या भरल्या, भेळ खाल्ली, खूप हसले. पुढचे सगळे दिवस माझे मजेतच गेले, हेसुद्धा सांगायला हवं.

यंदा परत आले. तीच स्कूटर, तेच कालवण, तीच भिंगरी. पोपटी मात्र आता काकांचा नितीन लावतो. काकांनीच सांगितलं त्याला, "माझ्यानं नाय होत आता." ते कडेला पेंढ्याजवळ उभे होते. नितीनने पाणी मारलं आणि असं चर्र झालं की शेजारच्या कुत्र्यानेही मान वर केली. काकांनी मडक्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या.

मी होकारार्थी मान हलवली.

"झाली रं, काढा!" काका सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, अगदी पूर्वीसारखे. मग पहिली शेंग सोलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली.