दोरीची मावशी आणि कोपऱ्यावरचा टेम्पो

तिला सगळे दोरीची मावशी म्हणत. दुपारची झोप आटोपली की तिच्या पाळणाघराचं दार उघडायचं आणि एका लांब दोरीला धरून चिल्लीपिल्ली बाहेर पडायची. दोरीला थोड्या थोड्या अंतरावर कापडी कड्या शिवलेल्या, प्रत्येकाच्या मुठीत आपापली कडी. पुढे मावशी, मागे मदतीची बाई. बाग समोरच, फक्त एक रस्ता ओलांडायचा. पण तो नेमका वळणावर. मावशी फुटपाथच्या कडेला थांबायची, दोन्हीकडे बघायची, मनात "देवा, सांभाळ" म्हणायची आणि मगच पाऊल टाकायची.

पाळणाघर तिनं ठरवून काढलं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिनं शिवणाच्या कारखान्यातली नोकरी सोडली. "घरात आहेसच, तर माझीही दोन बघ," म्हणत नणंदेनं आपली पोरं आणून सोडली. त्यांच्या मागून शेजारची आली. सासूबाई गेल्या, पोरं राहिली. स्वतःचं मूल झालं नाही, पण ते दुःख ती उगाळत बसली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "रडायला वेळ कुठाय? इथे रडणारे पुष्कळ आहेत."

भिंतीला भिंत लागून तिच्या नवऱ्याचं सोफे दुरुस्तीचं दुकान. माणूस कमी बोलणारा, कामाला वाघ. दोरीही त्यानंच करून दिली होती. सोफ्याच्या बैठकीखाली ताणतात तो जाड पट्टा घेऊन, मोठ्या मशीनवर कड्या शिवून. त्याचा बंद टपाचा टेम्पो दुकानासमोर उभा असायचा, म्हणजे बरोबर वळणावर. त्याच्यामागे औषधवाल्याची गाडी आणि मग वरच्या मजल्यांवरच्यांच्या. फुटपाथवरून डावीकडचं काही म्हणजे काही दिसत नसे.

"टेम्पोच्या पुढे तोंड काढल्याशिवाय रस्ता दिसत नाही मला," मावशी कुरकुरायची.

"मग काढ की. एरवी कमी चालतं का ते?" नवरा म्हणायचा.

हसण्यावारी न्यायचे ते दिवस एका दुपारी संपले. दोरी नुकती रस्त्यावर उतरली होती आणि टेम्पोच्या आडून मोटारसायकल सुसाट आली. मावशीनं सगळा जोर लावून दोरी मागे ओढली. पोरं एकमेकांवर कोलमडली. सगळ्यांत पुढे पिटुकली होती, वयानं आणि अंगानं सगळ्यांत लहान. घाबरून तिनं कडी सोडली, म्हणून वाचली. तिची कडी मोटारसायकलच्या हँडलला अडकली आणि टर्रकन फाटून गेली.

नवऱ्यानं नवी कडी शिवून दिली. टाका या वेळी दुहेरी घातला होता.

मग अर्ज निघाला. कोपऱ्यावर गाड्या लावायला बंदी करावी आणि ओलांडायला पांढरे पट्टे मारावेत, असं नगरपालिकेला लिहिलं. पहिली सही मावशीची. वरच्या मजल्यावरचे कर्नल घरोघरी कागद घेऊन फिरले. हे गृहस्थ सैन्यात कधीच नव्हते, आयुष्यभर पोस्टात होते, पण हुकूम सोडायची हौस मोठी, म्हणून ते नाव पडलेलं.

नवऱ्यानं सही केली नाही.

"टेम्पो रस्त्यापलीकडे पाण्याच्या टाकीमागे लावून सोफे तिथल्या मैदानातून आणायचे मी? डोक्यावरून? माझ्या कमरेचं काय झालंय ते बघितलंयस ना?"

बघितलं होतं. रोज तेल तीच चोळायची. तेव्हा तिला दोन्ही बाजू कळत होत्या, आणि तेच कठीण होतं. घरात दोघं एकमेकांना वळसा घालून वावरू लागले. तिकडे आईबापांनी निक्षून सांगितलं की रस्त्याचं काही होईपर्यंत पोरांना बाहेर काढायचं नाही. एकीनं तर मूल काढूनच नेलं. उरलेली पोरं एका खोलीत कोंडल्यासारखी झाली. खिडकीला नाक लावून बाग बघायची.

अखेर निरोप आला की नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब पाहणीला येणार. कर्नलनी लगेच फर्मान काढलं. साहेब येताहेत, रस्ता नीटनेटका दिसला पाहिजे, गाड्या सगळ्यांनी टाकीमागे न्यायच्या. लोक लग्नघरासारखे कामाला लागले. रस्ता झाडला. फुटपाथची कड धुतली. मावशीलाही वाटलं, आपल्या दारात पसारा कसा दाखवायचा?

"अहो, आज तरी टेम्पो हलवा," ती सकाळी नवऱ्याला म्हणाली. "अर्जावर पहिली सही माझी आणि कोपऱ्यावर पहिली गाडी आपली. लाज वाटते मला."

तो अर्धा चहा तसाच टाकून उठला आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

साहेब दुपारी आले. उंच, किडकिडीत, खांद्याला पिशवी. फुटपाथवर उभं राहून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"इथून तर लांबपर्यंत दिसतंय की."

"सकाळीच झाडून घेतलाय, साहेब!" कर्नल छाती फुगवून म्हणाले.

आपण काय करून बसलो ते मावशीच्या एकदम ध्यानात आलं.

"साहेब, आज गाड्या नाहीत म्हणून दिसतंय. रोज असतात हो."

"असतीलही, ताई. पण मी जे बघतो तेच लिहितो."

"फोटो आहेत आमच्याकडे," कर्नलचा आवाज आता बारीक झाला होता.

"फोटोचं नका सांगू. मागे एकानं दुसऱ्याच गावातला खड्डा लावून पाठवला होता." साहेब बोलायला वाईट नव्हते. "बघा, अडथळा आढळला नाही असा शेरा पडला की अर्ज बंद होतो. मग वर्षभर पुन्हा करता येत नाही."

"जरा थांबता का? चहा तरी घ्या."

"चहापुरता थांबतो. पुढे अजून एका ठिकाणी जायचंय."

कर्नल फोन लावत सुटले. औषधवाला माल आणायला गेलेला, बाकीचे कामावर. हाताशी एकच गाडी होती. मावशीनं आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"टाकीमागे. तूच हाकललंस ना?"

"टेम्पो आणा. कोपऱ्यावर, रोजच्या जागी."

"सकाळी लाज वाटत होती."

"साहेबांना रस्ता मोकळा दिसतोय. तसंच लिहून जाणार आहेत ते."

हे बोलल्यावर कुठे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहिला की झालं. अर्ज बंद होईल, टेम्पोची जागा राहील, कमरेचं दुखणं वाढणार नाही. आणि कुणी त्याला बोलही लावू शकणार नाही, कारण टेम्पो न्यायला बायकोनंच सांगितलं होतं.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. "मी सांगितलं. पुढचं तुम्ही बघा."

फोन बंद झाला.

तिनं चहा मुद्दाम मंद आचेवर ठेवला. दारात पोरं दोरी धरून उभी, साहेबांना बघायला मदतीच्या बाईनं आणलेली. पिटुकलीनं आपली दुहेरी टाक्याची कडी घट्ट धरली होती.

"मावशी, जायचं?"

"थांब गं, सोन्या."

साहेबांनी चहा घेतला. चष्मा पुसला. रस्ता इतका रिकामा होता की बघवेना. एका गाडीचा आवाज आला, मावशीनं मान उंचावली, तर पाण्याचा टँकर. तो गेला. साहेबांनी पिशवीतून कागद काढले, पेनाचं टोपण उघडलं. कर्नल जमिनीकडे बघत उभे. देवा, मावशी मनात म्हणाली, आणि पुढचा शब्द काही तिला सुचेना.

वळणावरून टेम्पो आला.

नवऱ्यानं तो एकदा पुढे घेतला, एकदा मागे घेतला, आणि जिथे रोज असतो तिथेच, फुटपाथला चिकटून, उभा केला. खाली उतरला. बायकोकडे बघितलं नाही.

"रोज हे असं असतं, साहेब. माझीच गाडी आहे ही. हिच्यामागे अजून चार असतात."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. फुटपाथच्या कडेला आले, डावीकडे पाहिलं. मग कुणी न सांगता, कडेपर्यंत पुढे आलेल्या पिटुकलीशेजारी उकिडवे बसले आणि तिच्या उंचीवरून पाहिलं. समोर फक्त टेम्पोचं चाक. बराच वेळ ते तसेच बसून होते. "आत्ता तर काही येत नाहीये," असं ते पुटपुटतात तोच टेम्पोच्या आडून एक गाडी भर्रकन गेली. त्यांच्या हातातले कागद फडफडले. मावशीनं पिटुकलीला कधी मागे ओढलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

साहेब उठले, गुडघे झटकले, फीत काढून मापं घेतली.

"बंदी झाली तर या टेम्पोलाही लागू होईल. कळतंय ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"न कळायला काय झालं? कंबर माझीच आहे."

साहेब गेल्यावर मावशी फक्त एवढंच म्हणाली, "किती उशीर केलात."

"सुरू होत नव्हता."

टेम्पो एका किल्लीत सुरू होतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळचा चहा राहिला होता, तो तिनं नव्यानं टाकला.

महिन्याभरात पट्टे मारले गेले. कोपऱ्यावर बंदीची पाटी लागली. टेम्पो टाकीमागे गेला, आणि सोफे खरोखरच तिथून हातानं आणावे लागू लागले. मग दुपारी पोरं झोपली की मदतीच्या बाईला बसवून मावशी निघायची. सोफ्याचं एक टोक तो धरायचा, दुसरं ती. पट्ट्यांशी आलं की ती थांबायची.

"डावीकडे बघा आधी."

"मला सोफ्याशिवाय काही दिसत नाहीये."

"मग मी बघते. तुम्ही नुसतं धरा."

आणि ती बघायची, दोन्हीकडे, सावकाश, मनातले दोन शब्द म्हणून होईपर्यंत. पलीकडच्या टोकाला तो अवजड सोफा उचलून धरून नवरा ओरडायचा, "अगं, तुझ्या देवाला म्हणावं जरा आटप, कंबर जातेय माझी!"